दयारामनं बसवलेलं चाक

दयाराम घरतानं बसवलेलं चाक पुन्हा उघडावं लागलं, असं उरणच्या आसपासच्या दहा गावांत कुणाला आठवत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यानं कंटेनरच्या ट्रेलरांची चाकं उघडली, टायर बदलले, बेअरिंग्ज ठोकून काढल्या आणि ठोकून बसवल्या. बाकीचे फिटर ‘चालतंय की’ म्हणत नट आवळायचे. हा मात्र चाक हातानं गरगरा फिरवायचा आणि डोळे मिटून, कान लावून ऐकत बसायचा. खोळंबलेले ड्रायव्हर शिव्या घालायचे, पण पुढच्या खेपेला हटकून त्याच्याकडेच यायचे. माणूस हाताचा पक्का होता, यात वादच नाही. वाईट एवढंच, की हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. दुसऱ्याची चूक त्याला गावच्या वेशीवरून दिसायची, आणि दिसली की तोंडात राहायची नाही.

त्याचा बाप मिठागरात राबून गेला. दयारामनंही पोरवयात बापाबरोबर मीठ ओढलं होतं. पुढं बंदर आलं, मिठागरं गेली, आणि गावातले निम्मे तरुण ट्रेलरवर चढले. दयाराम ट्रेलरखाली शिरला. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा तो घरी बसला. म्हणजे नुसता बसला नाही. अंगणात दोन माडांच्या मधे पत्रा टाकून त्यानं आपली हत्यारं मांडली आणि घरच्यांच्या, जवळच्या नातेवाइकांच्या मोटारसायकलींची चाकं तो तिथं करू लागला. गॅरेजवाल्यांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.

घरात माणसं तीन. दयाराम, त्याची बायको ठमाबाई आणि सून नेत्रा. मुलगा प्रणय जहाजावर. नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी. नेत्रा पनवेलकडची, शिकलेली. आठ किलोमीटरवरच्या एका कंटेनर यार्डात ती गेटवरच्या ऑफिसात कामाला होती. सकाळी सहाला पाळी सुरू व्हायची, आणि त्या वेळेला एसटी काय, रिक्षासुद्धा मिळायची नाही. प्रणयची मोटारसायकल अंगणात नुसती उभी होती. दयारामनंच सुनेला ती शिकवली, जुन्या मिठागराच्या कोरड्या, सपाट जमिनीवर, पंधरा दिवसांत. ठमाबाईनं तेव्हा नाक मुरडलं होतं. ‘‘सून आनलीव का डायवर?’’ पण नेत्रा गाडी अशी सांभाळून चालवायची, की वर्षभरात ठमाबाईच तिच्या मागं बसून बाजारला जाऊ लागली आणि बायकांसमोर वर मिरवूही लागली.

शिमगा झाल्यावर मागचा टायर गुळगुळीत झालेला दिसला. चाक धरून हलवलं तर ते किंचित डुगडुगलंही. म्हणजे टायरबरोबर बेअरिंग्जही गेल्या होत्या. दयारामनं उरणहून नवा टायर आणि बेअरिंग्ज आणल्या, आणि रविवारी सकाळी गाडी मोठ्या स्टँडवर लावून काम काढलं. शेजारचा कोंडाजी चहाचा कप घेऊन समोर येऊन बसला. कोंडाजीला स्वतःला पाना कसा धरायचा हे ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्याचं काम बघत सल्ले देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

चाक निघालं. टॉमीची सळी घालून जुना टायर रिमवरून उतरवला. आतून दांडा घालून, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला ठोकत, दयारामनं दोन्ही जुन्या बेअरिंग्ज बाहेर काढल्या. आता नव्या बसवायच्या. बेअरिंग चाकातल्या तिच्या घरात अगदी घट्ट बसते. ठोकून बसवावी तर वाकडी जायची भीती. म्हणून ती आधी गार करतात. गार झालं की लोखंड केसभर आकसतं आणि हलक्या हातानं आत जातं.

‘‘घरान फ्रीज हाय ना? त्यान ठेव की,’’ कोंडाजी म्हणाला.

‘‘फ्रीज आयस्क्रीमला,’’ दयाराम म्हणाला. ‘‘बर्फान मीठ टाकला का बर्फ दुप्पट गार होतो. कुल्फीवाला काय करतो? मिठागरवाल्याला तू शिकवतंस?’’

कोळीवाड्यातल्या जनीकडून त्यानं मासळीचा फोडलेला बर्फ आणून ठेवलाच होता. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, त्यावर चार मुठी जाडं मीठ. दोन बेअरिंग्ज दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत घालून, तोंडं सुतळीनं बांधून त्यानं पेटीत पुरल्या. तोवर कोंडाजीला त्यानं बापाच्या मिठागराच्या गोष्टी ऐकवल्या. मिठागरात लोखंड कसं टिकत नाही, मीठ ओढायची हत्यारंसुद्धा लाकडाची कशी असत, विसरलेला एक खिळा महिन्याभरात भुगा कसा होतो, हे सगळं त्यानं त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कोंडाजी ‘व्हय, व्हय’ करत होता.

अर्ध्या तासानं त्यानं पिशव्या उपसल्या. पहिली कोरडी होती. ती बेअरिंग टक्कन जागेवर बसली, आणि कोंडाजी ‘वा’ म्हणाला. दुसऱ्या पिशवीला बर्फाच्या धारेनं बारीक चीर गेली होती. आत पाणी शिरलं होतं आणि बेअरिंग त्यात बुडाली होती. दयारामनं पाठमोरं होऊन बोट जिभेला लावलं. खारट.

बाजारात जाऊन दुसरी आणायला अर्धा तास पुरला असता. पण मग कोंडाजी विचारणार, का रे बाबा, काय झालं? आणि उद्या सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार, की मिठागरवाल्यानं बेअरिंग मिठात बुडवली. दयारामनं मनाची समजूत घातली. दोन्ही बाजूंनी रबराचं झाकण आहे, पाणी आत गेलं नसेल. त्यानं बनियनच्या फडक्यानं बेअरिंग पुसली, तोंडानं फुंकली आणि टक्कन बसवून टाकली. कोंडाजी पुन्हा ‘वा’ म्हणाला. मग साबणाचं पाणी लावून नवा टायर चढला, हवा भरली, चाक जागेवर गेलं. दयारामनं ते फिरवलं आणि सवयीप्रमाणे कान लावला. पण त्या दिवशी डोळे काही त्यानं मिटले नाहीत.

महिन्याभरानं नेत्रा म्हणाली, ‘‘बाबा, मागून घूं असा आवाज येतोय. नॉर्मल आहे ना?’’

‘‘नवा टायर हाय. गुणगुणनारच,’’ दयाराम म्हणाला.

हे उत्तर खोटं नव्हतं. नवे टायर आवाज करतात. म्हणूनच तर ते इतकं सोयीचं होतं. नेत्रा मान डोलावून गेली. ती आंघोळीला गेल्यावर त्यानं गाडी स्टँडवर घेऊन चाक फिरवलं, आणि हाताला बारीक कचकच लागली. येत्या रविवारी बदलू, त्यानं ठरवलं. रविवारी भाच्याची हळद आली. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. तिथून कोण उठतो? त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा सुजला. बदलायची होतीच, पण कुणी बघत नसताना बदलायची होती, आणि गावात कुणी बघत नाही अशी वेळ सहज सापडत नाही.

वैशाखात ठमाबाईला बहिणीकडे जायचं होतं. रिक्षानं जाते म्हणत होती. दयाराम पडवीतच बसला होता. नेत्रा म्हणाली, मी सोडते. ठमाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि दयाराम म्हणाला, ‘‘जा की. बस तिच्या मागं.’’ आता त्यानं असं का म्हणावं? नको म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, एवढंच.

खाडीच्या बांधावर एक वळण आहे. तिथं बेअरिंग फुटली. चाक तिरकं झालं, चेन उतरून अडकली, चाक जाम झालं आणि दोघी पडल्या. नेत्राला खरचटलं. ठमाबाईच्या उजव्या मनगटाची दोन हाडं मोडली आणि पुढचा एक दात गेला.

लोकांनी दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि गाडी टेम्पोनं घरी आणून टाकली. दयारामनं काय करावं? बायकोकडे धावत जावं की नाही? त्यानं आधी चाक उघडलं. आतून लालभडक पाणी आलं, आणि गोळ्यांचा चुरा. ती फुटकी बेअरिंग हातात घेऊन तो मागच्या दारानं खाडीवर गेला, भरतीच्या पाण्यात ती भिरकावली, परत येऊन बदलायची म्हणून आणून ठेवलेली नवी बसवली, हात धुतले, आणि मग दवाखान्यात गेला. गावानं त्याचंही कौतुक केलं. बायको दवाखान्यात, तरी म्हाताऱ्यानं आधी सुनेची गाडी नीट केली, म्हणाले.

संध्याकाळी दोघी घरी आल्यावर जहाजावरून प्रणयचा फोन आला. नेत्रा त्याला सांगत होती, की मी ब्रेक दाबलाच नाही, चाकच एकदम अडकलं. प्रणयनं बापाला विचारलं, ‘‘बाबा, गाडीत काय फॉल्ट होता का?’’

फोन स्पीकरवर होता. नेत्रा समोर उभी होती, कोपराला पट्टी बांधलेली. खाटेवर ठमाबाई कण्हत होती.

‘‘गाडी ठणठणीत हाय,’’ दयाराम म्हणाला.

तीन शब्द. पण दयारामनं म्हटलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. गाडी ठणठणीत, म्हणजे चूक चालवणारीची. प्रणय बायकोवर तडकला नाही, पण म्हणाला, आता गाडी नको चालवूस. ठमाबाईचं तोंड मात्र सुटलं. हात दुखला की तिचं तोंड चालायचं, आणि हात तर सारखाच दुखत होता. ‘‘शानी हाय मोठी. मोटारसायकल पायजे व्हती. मना मारूनच टाकली असतीस.’’ पाण्याचा तांब्या द्यायला नेत्रा गेली, की तिला ऐकावं लागायचं. भेटायला आलेल्या बायकाही मान हलवून जायच्या. बाईच्या जातीनं मोटारसायकल कशाला चालवावी, या विषयावर गावात बरीच विद्वत्ता होती, आणि ती सगळी पडवीत सांडून गेली.

नेत्रानं पाळी बदलून मागितली, मिळाली नाही. रजा घेतली, तीही संपत आली. शेवटी राजीनामा द्यायचं ठरलं. सोमवारी जाऊन कागद द्यायचा होता.

आणि दयाराम? दयाराम इतका चांगला वागू लागला, की घरातल्यांना नवल वाटलं. सकाळी उठून चहा तो करायचा. मासळी तो साफ करायचा. ठमाबाईचा उजवा हात गळ्यात, म्हणून तिला भरवायचा, तिची वेणी घालायचा. ‘‘हात मोडला तवा नवरा मिलाला,’’ ठमाबाई बायकांना सांगायची आणि दात पडलेल्या तोंडानं हसायची. ती हसली की दयारामला वाटायचं, जमिनीनं पोटात घ्यावं. नेत्राच्या ताटात तो माशाचा मधला तुकडा वाढायचा. ती म्हणायची, ‘‘बाबा, तुम्ही एकटेच माझ्यावर रागावला नाहीत.’’

सांगायचं त्यानं रोज ठरवलं. चहा झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर सांगू. ठमाबाईचं दुखणं जरा कमी झालं की सांगू. एकदा तर त्यानं ‘‘नेत्रा, इकडं ये,’’ म्हणून हाक मारली, ती येऊन उभी राहिली, आणि हा म्हणाला, ‘‘काय नाय. पंखा लाव जरा.’’ एक दिवस न सांगता गेला की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं सांगावं लागतं. असे बावीस दिवस साचले.

रविवारी दुपारी तो पडवीत ठमाबाईच्या केसांना तेल लावून कंगवा फिरवत होता. आतून नेत्रा आली. हातात घडी घातलेला कागद होता, राजीनाम्याचा. ती सासूच्या समोर खाली बसली.

‘‘आई, मला एक सांगायचंय. मी खोटं बोलत होते.’’

दयारामचा हात थांबला.

‘‘ब्रेक मीच दाबला,’’ नेत्रा म्हणाली. ‘‘आधी वाटायचं नाही दाबला. पण सगळे म्हणतायत, बाबांनी पण गाडी बघितली, मग मी रोज आठवत बसले. आता आठवतंय मला. वळणावर वाळू दिसली, मी घाबरले, आणि मागचा ब्रेक कचकन दाबला. पाय आठवतोय मला. सॉरी, आई.’’ आणि ती रडायला लागली.

ठमाबाई फटकळ होती, दगड नव्हती. तिनं डाव्या हातानं सुनेचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. ‘‘रडू नको गो. मानूस हाय, चुकतो. कबूल केलास ना? जालं तर मग. मी बी लय बोलली तुना. आता नाय बोलनार.’’

बावीस दिवसांनी घरात पहिल्यांदा शांत वाटलं. सासू-सून एकमेकींना धरून बसल्या होत्या. भांडण मिटलं होतं, ठमाबाईचा राग निवला होता, आणि दयारामला काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसता कंगवा फिरवायचा होता. देवानं आपण होऊन वाट काढून दिली म्हणावं, अशी ती घटका होती. आणि दयारामला आपली अशी किळस आली, जशी आयुष्यात कधी कुणाची आली नव्हती. पोरीचं काम तर आपण घालवलंच; आता जे घडलंच नाही ते तिला आठवायला लागलं होतं.

‘‘तिनं ब्रेक दाबला नाय,’’ तो म्हणाला.

‘‘तुमाला काय ठावं?’’ ठमाबाईनं मान न वळवता विचारलं.

मग त्यानं सांगितलं. बर्फ, मीठ, फाटकी पिशवी, बनियनचं फडकं. बेअरिंग गंजून फुटली, म्हणून चाक अडकलं. एकदा बोलायला लागल्यावर तो थांबला नाही. कंगवा अजून हातातच होता.

ठमाबाई ऐकत राहिली आणि मग हसली. खरंच हसली.

‘‘बघ गो नेत्रा, सासरा तुझ्यासाठी सोताच्या तोंडाला कालं फासतो.’’

‘‘बाबा, प्लीज,’’ नेत्रानं डोळे पुसले. ‘‘माझ्यासाठी खोटं नका बोलू. मी केलं कबूल. आता मला बरं वाटतंय.’’

‘‘खोटं नाय! आईची आन, खोटं नाय!’’

‘‘मग कुठाय ती बेअरिंग? दाखवा,’’ ठमाबाई म्हणाली.

‘‘खाडीन टाकली.’’

‘‘खाडीन!’’ ठमाबाईनं सुनेकडे बघून मान हलवली. लहान पोरं थापा मारतात तेव्हा बाया हलवतात, तशी.

दयारामनं कुंपणापलीकडे कोंडाजीला हाक मारली. कोंडाजी आला. विचारल्यावर म्हणाला, ‘‘मी सोता व्हतू बसलेला. दोनी बेअरिंगा अशा बसल्या, टक्, टक्. या दाद्याच्या कामान खोट? दाद्या, तब्बेत बरी हाय ना तुजी?’’

आयुष्यभर कमावलेलं नाव असं आडवं आलं. ज्या नावासाठी दयाराम त्या दिवशी बाजारात गेला नाही, तेच नाव आता त्याला चूक कबूल करू देईना. उलट त्याची पुण्याई वाढत चालली होती. कोंडाजीनं तर त्याच्या पाठीवर हात ठेवला, ‘‘असा सासरा मिलाला पायजे,’’ म्हणाला, आणि निघून गेला. आपली चूक कुणी खरी मानावी म्हणून आता कुणाच्या पाया पडावं, हे दयारामला कळेना.

नेत्रा मात्र त्याच्याकडे बघत राहिली होती.

‘‘बाबा, मी तुम्हाला म्हणाले होते. घूं आवाज येतोय म्हणून.’’

‘‘व्हय.’’

‘‘तुम्ही म्हणालात, नवा टायर आहे.’’

‘‘तू आंघोलीला गेलीस तवा मी चाक फिरवून बघितला. कचकच लागली हाताला.’’

‘‘तेव्हाच कळलं?’’

इथं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यानंही त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि दयारामच्या वाट्याचं पाप निम्मं झालं असतं. त्याला तसं म्हणावंसं वाटलंही.

‘‘नाय,’’ तो म्हणाला. ‘‘बसवतानाच कळला. मी पानी चाखून बघितला. खारा व्हता. तरी बसवली.’’

‘‘आणि आईंना माझ्या मागे बसा म्हणालात.’’

‘‘म्हनालू.’’

मिठाचं, बर्फाचं, खाडीचं ठमाबाईला खरं वाटलं नव्हतं. पण त्या सकाळी आपण नवऱ्याकडे बघितलं होतं आणि तो ‘जा की’ म्हणाला होता, हे तिला लख्ख आठवलं. तिचं हसू गेलं. तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं त्याच्या हातातला कंगवा काढून घेतला आणि आपले अर्धे विंचरलेले केस तसेच घेऊन ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, नवऱ्यासाठी नव्हे. ‘‘नेत्रा, तो कागद फाडून टाक गो. आन माज्यापाशी ये.’’

संध्याकाळी दयारामनं स्वतः जहाजावर फोन लावला आणि मुलाला सगळं सांगितलं. ‘‘बावीस दिवस, बाबा?’’ एवढंच प्रणय म्हणाला. मग आवाज तुटला, की त्यानं फोन ठेवला, ते कळलं नाही.

त्या रात्री ठमाबाईनं जेवणही नेत्राच्याच हातून घेतलं. दयारामशी ती बोलली नाही. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिच्या तोंडाची त्याला सवय होती, गप्प बसण्याची नव्हती.

सोमवारी सकाळी साडेपाचला नेत्रा कामावर जायला तयार होऊन अंगणात आली. गाडीपाशी उभी राहिली, किल्ली घातली, काढली, पुन्हा घातली.

‘‘बाबा, मागे बसाल? एकटीला नाही जमणार.’’

तो बसला. ज्या सीटवर त्यानं बायकोला बसवलं होतं, त्याच सीटवर तो सुनेच्या मागं बसला. गाव संपेपर्यंत तिनं गाडी नीट चालवली, पूर्वीसारखीच. हात सरळ, खांदे सैल. त्यानं शिकवलं होतं तसंच. दयारामला जरा धीर आला. झालं गेलं, आता लागेल पोरगी मार्गाला, असं त्याला वाटलं.

बांधावरचं वळण दिसू लागलं तशी गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. वळणाच्या बरंच आधी नेत्रानं ती कडेला घेतली, बंद केली आणि ती उतरली. तोही उतरला. तिचा उजवा, ब्रेकवरचा पाय थरथरत होता. ती गाडी दोन्ही हातांनी धरून ढकलू लागली. मागून आलेल्या ट्रेलरनं हॉर्न दिला आणि तो वळसा घालून पुढं गेला.

‘‘तू ब्रेक दाबला नव्हतास, पोरी,’’ दयाराम म्हणाला.

‘‘माहीत आहे, बाबा. तुम्ही सांगितलंत ना.’’ ती चालतच राहिली. ‘‘पण मला आठवतोय. पायाखाली लागलेला आठवतोय.’’

त्यानं मागून गाडीला हात लावला. ‘‘नको, राहू द्या,’’ ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. मग गाडी ढकलत ती पुढं आणि दयाराम तिच्या मागं, अशी दोघं ते वळण चालून गेली.